चौथ्या मिनिटाला कोण बोललं?

परवा धाड गावच्या बाजारातून घरी आले, तर ओमचा मेसेज... "आई, नवीन ट्रॅक बनवला. हेडफोन लावून ऐक. शेवटपर्यंत!"

ओम माझा लेक. पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात संगीत बनवतो. त्यात शब्द नसतात, नुसतं दूरवरून काहीतरी घुमत असतं... मी आपली पोळ्या लाटता लाटता मोबाईलवर लावते आणि अंगठा पाठवून मोकळी होते. खरं सांगू? गाणं सुरू कधी झालं नि संपलं कधी, हेच मला कळत नाही.

या वेळी मात्र मनात काहीतरी सलत होतं. दिवाळीत त्याने गमतीने सांगितलं होतं, की माझा एक व्हॉइस मेसेज मित्रांनी ऐकला आणि माझं वऱ्हाडी ऐकून सगळे हसले. मला ते फार लागलं. तेव्हापासून मी बोलून पाठवणं बंदच केलं. दोन ओळी टाइप करायच्या, त्याही शुद्ध पुस्तकी... मास्तरीणच ना मी!

तरी तो 'शेवटपर्यंत' म्हणाला होता, म्हणून यांचे हेडफोन घेतले आणि डोळे मिटून बसले. आधी विहिरीवरची मोटर चालू असल्यासारखी घरघर, मग वारा... आणि चौथ्या मिनिटाला त्या घरघरीखालून कोणी बाई बोलली. मागे घेऊन पुन्हा ऐकलं.

"जेवला काय बापू?"

माझाच आवाज! ओमला पाठवलेले माझे जुने मेसेज; त्याला मी बापूच म्हणते. मागे जीपवाला "चिखली, चिखली" ओरडतोय. थोड्या वेळाने पुन्हा मी... "मेथी लय मस्त भेटली आज. तुही याद आली."

अगदी शेवटी सगळं थांबलं आणि नुसता एक प्रश्न उरला. "काऊन बोलत नाही रे?"

कधीतरी त्याने फोन उचलला नाही, म्हणून मीच रागाने पाठवलेला. आता तेच 'का बोलत नाहीस' ओम मलाच विचारत होता.

मी रडले. पोराला आपल्या बोलण्याची लाज वाटते, असं धरून बसले होते मी. त्याने माझा शब्दन् शब्द जपला होता, आणि मी त्याचा एक ट्रॅक कधी धड ऐकला नव्हता.

टाइप केलंच नाही. माइक दाबला. "ऐकलं बापू... पुरं ऐकलं. मले लय आवडलं. तू जेवला काय?"

लगेच उत्तर आलं, बोलूनच. "हाव आई, जेवलो. अजून बोल न."

लेकराला थँक्यू म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही... म्हणून इथे लिहिते. थँक्यू, बापू.