वाटोळं झालं!

माझी लेक चार वर्षांची झाली तरी घरात तमिळच बोलायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून एक अक्षर फुटेल तर शपथ! पिढ्यान् पिढ्या तंजावुरात राहून आम्ही जपलेली भाषा माझ्याच पोरीपाशी संपणार, या विचाराने माझा जीव तुटायचा. मग मी हट्टाला पेटले.

तिला आकार शिकवायचेच होते. म्हटलं, त्यातच मराठी घुसवू. मी आकाराचं नाव पुकारायचं, तिने धावत जाऊन तसली वस्तू पकडायची आणि तेच नाव ओरडायचं. ‘तिकोन’ म्हटलं की ती कपड्यांचा हँगर आणायची. ‘चौकोन’ म्हटलं की कॅरमबोर्डावर जाऊन बसायची. ‘वाटोळं’ म्हटलं की दोशाचा तवा, अप्पळम म्हणजे पापड, एकदा तर आजोबांचं टक्कल! वस्तू अचूक, पण ओरडणं तमिळमध्ये, “वट्टम्!” मी कपाळावर हात मारून घ्यायची.

अशात आमच्याच घरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि पुण्याची वहिनी घरात आली. रोजच्या भाताला कंटाळली असावी. एका सकाळी तिने पोळ्यांचा घाट घातला. नव्या नवरीचा पहिला स्वयंपाक, म्हणून आम्ही सगळे दारात गोळा झालो. लेक तर पोळपाटाला नाक लावून बसली. पहिली पोळी लाटून होताच ती टाळ्या पिटत ओरडली,

“मामी, वाटोळं झालं!”

मराठी! तेही अख्खं वाक्य! मी नाचायचीच बाकी होते. वहिनीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

“ताई, पहिल्याच पोळीला असं बोलतात का हो?” तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. टीव्हीवरच्या मराठी मालिकांत वाटोळं होतं ते कुणाच्या तरी संसाराचं!

“अहो वहिनी, वाटोळं म्हणजे गोल! पोळी छान गोल झाली म्हणतेय ती!”

पण तोवर लेक माझ्या पदराआड लपली होती, ओठ गच्च मिटून. इतक्या खटपटीने उघडलेलं तोंड आता पुन्हा कधी उघडणार?

वहिनीने डोळे पुसले. दुसरी पोळी तिने मुद्दाम वेडीवाकडी लाटली आणि पोळपाट घेऊन लेकीसमोर बसली.

“ही कशी झाली गं?”

लेकीने पदराआडून एक डोळा काढला. मग खुदकन हसली.

“वाटोळं नाही झालं. परत कर, मामी!”

“बरं बाई,” वहिनी लाटणं उचलत म्हणाली, “थांब, आत्ता हिचं वाटोळं करते.”