नीलिमाने फोडलेला बांध

नीलिमाच्या नवऱ्याचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या पिनरच्या स्टेशनवर उभी होते. “अगं, नीलिमा सकाळी उठलीच नाही...” एवढंच तो म्हणाला. आता काही आठवडे झाले, तरी त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की फोन हातात घ्यायला नको वाटतं.

नीलिमा अलिबागकडची. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या बाबांनी जन्मभर बांध सांभाळला, आणि ही माझी मैत्रीण एसेक्सच्या किनाऱ्यावर बांध फोडायची नोकरी करत होती! बाबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. मला ती समजवायची, “भिंत किती उंच करत जाणार? त्यापेक्षा मागची थोडी जमीन समुद्राला द्यायची. तिथे खाऱ्या चिखलाचं खाजण तयार होतं, गवत वाढतं, आणि गावापर्यंत येईतो लाट दमते.” त्या थोड्या जमिनीत मिसेस हार्पर नावाच्या आजींची सफरचंदाची बाग होती, नवऱ्याबरोबर लावलेली. कौन्सिलमध्ये सगळं मंजूर झालं होतं, तरी नीलिमा स्वतः त्यांच्या किचनमध्ये जाऊन बसली. त्यांनी विचारलं, “म्हणजे गाव वाचवायला माझी झाडं बुडवणार?” नीलिमा “हो” म्हणाली. दुसरा शब्दच सुचला नाही, असं तिने मला नंतर सांगितलं.

बांध फोडला. पुढच्या स्प्रिंगमध्ये झाडांना पानं आली नाहीत. खाऱ्या पाण्यात ती उभ्या उभ्या मेली, पांढरी पडली. नंतर एका हिवाळ्यात मोठं वादळ आलं, आणि गावात पाणी शिरलं नाही. मी अभिनंदन करायला फोन केला तर म्हणाली, “डोळे मिटले की ती झाडंच दिसतात गं... नुसती उभी असतात.” दर रविवारी ती मिसेस हार्परना भेटायला जायची. सुधीर वैतागायचा, “अगं, काम झालं ना तुझं?” ती बूट घालायची आणि निघायची.

फ्युनरलला मिसेस हार्पर व्हीलचेअरवरून आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “गाव वाचलं. पण ‘बघा, माझं बरोबर होतं’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणून मी तिला दार उघडत राहिले.”

परवा सुधीरकडे गेले होते. चहा घेताना फ्रीजवर ठेवलेला नीलिमाचा फोन वाजला. भरतीची वेळ झाली होती. तिने लावलेलं ते अ‍ॅप रोज वाजतं, आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा.

“बंद कर ना रे ते,” मी म्हटलं.

सुधीर उठला. फोन चार्जिंगला लावला, आणि परत येऊन बसला.