दिवटीत तेल

आमच्या प्रायोगिक नाटकांना लोक यायचे, पण टिकायचे नाहीत. सगळ्यात आधी उठायचे ते माझे वडील. बारा वर्षांत माझं एकही नाटक अण्णांनी पुरतं बघितलं नाही. अर्ध्यातच धोतर सावरत उठायचे न् चपला करकर वाजवत निघायचे. ती करकर मला थेट रंगमंचावर ऐकू यायची. लई लागायचं मनाला. या खेपेला अण्णांना शेवटपर्यंत बसवायचंच, असं मी ठरवलं.

म्हणून सगळंच कालवलं. कथक, पडद्यावर हलती चित्रं, कविता आणि अणदूरचे एक म्हातारे गोंधळी, संबळ आणि तेलाच्या जळत्या दिवटीसकट. मुख्य भूमिका अर्थातच माझी! पांढऱ्या चादरीखाली पालथं पडून 'अस्तित्व' दाखवायचं. हसू नका, महिनाभर तालीम केली होती त्याची.

गोंधळीमामांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सर, देवांना एकदा बोलावलं की आरती करूनच पाठवायचं. मधीच थांबायचं न्हाय, दिवटी इझू द्यायची न्हाय." मी "व्हय मामा" म्हणालो आणि वहीत लिहिलं, सातव्या मिनिटाला अंधार, संबळ बंद. शहाणा ना मी!

प्रयोग आमच्याच गावच्या सभागृहात झाला. सातव्या मिनिटाला दिवे गेले. दिवटी मात्र जळत राहिली, संबळ वाजतच राहिलं. आमची नर्तकी बावचळून उभी. तेवढ्यात प्रेक्षक उठले. मला वाटलं, झालं, निघाले! तर कुणीतरी शेजारच्या घरातून तेलाची वाटी आणलेली. एकेक जण मंचावर चढून दिवटीत तेल घालू लागला. मी चादरीखाली, फटीतून बघत. उठावं तर अस्तित्व मोडतं. एक आजीबाई तर माझ्या पाठीवर पाय देऊन पुढं गेल्या.

मग ती ओळखीची करकर ऐकू आली. गेले अण्णा, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण करकर जवळ येत गेली, पायरीशी थांबली. चपला काढून अण्णा वर चढले, तेल घातलं, आणि पार आरती होईस्तोवर माझ्या डोक्याशी उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

घरी जेवताना म्हणाले, "आज लई ब्येस झालं बघ. शेवटपर्यंत थांबलो." बारा वर्षं याचसाठी तर जीव टाकला होता.

अण्णांनी भाकरी मोडली न् विचारलं, "पन तू का आला न्हाईस रं? म्या सारखा तुलाच हुडकत होतो."