काकूंची खोटी साक्ष

शनिवारी आमच्या गेस्टहाऊसवर खून झाला... म्हणजे मीच केला.

घाबरू नका, खेळ होता. मर्डर मिस्ट्री. ग्वाल्हेरबाहेर तिघऱ्याच्या रस्त्यावर माझं छोटं गेस्टहाऊस आहे, बायको गेल्यापासून एकटाच चालवतो. हल्ली पाहुणे कमी, म्हणून म्हटलं काहीतरी नवीन करू या. आलेल्यांना एकेक पात्र द्यायचं, आणि जेवणाआधी त्यांनी चौकशी करून खुनी पकडायचा.

कथा मीच लिहिली. चहाच्या वेळी मालकाचा खून होतो. त्या वेळी सगळे कोणा ना कोणाबरोबर असतात, एकटा असतो फक्त मॅनेजर, म्हणून तोच खुनी. मॅनेजर अर्थात मी... फार डोकं चालवावं लागलं नाही.

शहरातल्या लश्कर भागातून मुलामुलींचा एक ग्रुप आला होता. त्यांच्यातली एक भलतीच रंगात आली आणि तिने मला खुर्चीत बसवलं.

"काका, चहाच्या टाइमला आप थे कहाँ?"

"व्हरांड्यात. चहा घेत होतो."

"कोणासोबत? किसी ने देखा?"

इथे मी गडबडायचं, असं ठरलं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "मला कोण बघणार? रोज एकटाच असतो."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्या मुलीची आजी बोलली. गोरखीजवळ राहणाऱ्या या काकू नातीबरोबर आल्या होत्या आणि संध्याकाळभर स्वेटर विणत बसल्या होत्या.

"अगं, यांना कशाला धरता? हे माझ्यासोबत चहा घेत होते. मी होते न तिथे."

झालं... मी सुटलो. आचारी झालेल्या एका बिचाऱ्या मुलाला अटक झाली आणि माझी कथा पार बोंबलली.

जेवताना मी हळूच सांगितलं, "काकू, खुनी मीच होतो."

"ते कळलं होतं मला," त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "उद्या किती वाजता असतो आपला चहा?"

रविवारी कितीतरी दिवसांनी ट्रेमध्ये दोन कप ठेवले. काकूंनी साखर कमी झाली म्हणून तक्रारही केली.

नंतर सगळे गेले आणि व्हरांडा खायला उठला, खोटं कशाला सांगू... पण काकूंची साक्ष एक दिवस उशिरा का होईना, खरी झाली. निघायच्या गडबडीत त्यांचे आभार मानायचे राहिले, म्हणून हे लिहिलं.