साखर उतरली तेव्हा

मी घोडेगावला पंचायत समितीत कारकून होते. लग्न झालं नव्हतं, भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. वय चव्वेचाळीस. वजन किती ते मात्र ठाऊक नव्हतं, कारण दवाखान्यातला काटा एकशे तीसला संपायचा आणि मी उभी राहिले की तिथेच अडकायचा. इन्सुलिनची सुई दिवसातून दोनदा. दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं गेली असतील, तेव्हा पुण्याच्या एका डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. म्हणाले, "पण आधी नेमकं वजन करून आणा."

मंचरला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता. बाजार थंडावल्यावर दुपारी गेले. व्यापाऱ्याच्या बायकोने हमालांना चहाला पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि पाठ करून उभी राहिली. "आकडा तुम्हीच वाचा, ताई. मी बघत नाही." एकशे अठ्ठेचाळीस भरलं. त्या बाईने तो आकडा मला कधीच विचारला नाही.

रक्त तपासायलाही मंचरलाच जायचे. लॅबमधल्या काकांना माझ्या हाताला शीर सापडायची नाही. ते पट्टा बांधायचे, सोडायचे, मनगट चाचपायचे, बोटाने टिचक्या मारायचे. "थांबा, घावंल. घाई काय हाय?" असं म्हणत पाण्याच्या पाळीचं, लेकीच्या शाळेचं बोलत राहायचे. दोन-तीनदा टोचावं लागलं तरी मला त्याचं काही वाटायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं माझा हात कुणाच्या तरी हातात असायचा.

रिपोर्टमध्ये सगळंच जास्त होतं. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी, रक्तातली चरबी. शेवटी सीआरपी म्हणून एक ओळ. डॉक्टर म्हणाले, "ही आतली सूज. बाहेरून दिसत नाही. एवढ्या चरबीने शरीर आतून सतत धुमसत असतं."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी साखर उतरली. वजन अजून जवळपास तेवढंच होतं, तरी इन्सुलिन बंद झालं. मला ते खरंच वाटेना. नर्सला मी दोनदा पुन्हा तपासायला लावलं.

सहा महिन्यांनी परत लॅबमध्ये गेले, तेव्हा कोपराच्या खळीत निळी शीर दिसत होती. "आरं वा, ताई! काय शीर वर आलीया!" काकांनी एका दमात रक्त घेतलं, कापूस दाबला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी बाहेरच्या बाकावर उगाच बसून राहिले.

या खेपेला एकाही आकड्यापुढे जास्तीची खूण नव्हती. सूजसुद्धा उतरली होती. तो कागद घेऊन मी पेठला धाकट्या भावाकडे गेले. त्याने वरवर पाहिलं, "नॉर्मल हाय म्हंजी बरंच झालं की," म्हणाला आणि टीव्हीखाली सरकवला. पानं वाढली होती. माझ्यापुढे एक वाटी वरण. चार चमच्यांत पोट भरलं. पूर्वी माझ्या ताटाकडे बघून सगळे हसायचे, आग्रह करायचे. आता भावजय म्हणाली, "वन्सं, तुमी जेवायला बसलात की घर भरल्यावानी वाटायचं." ती प्रेमानेच बोलली.

पुढे पुतणीचा साखरपुडा झाला तो मला नंतर कळला. त्यानंतर ऑपरेशनमुळे लागलेल्या रोजच्या गोळ्यांचा कंटाळा यायला लागला. लोह, जीवनसत्त्वं, सगळी आयुष्यभर घ्यायची होती. खोलीत कुणी विचारणारं नव्हतं; आज राहिली, उद्या राहिली, करता करता बंदच झाल्या. पुण्याला जायचंही टाळलं. दुसऱ्या वर्षी तळपाय बधिर झाले, केस मूठमूठ गळायला लागले आणि एक दिवस ऑफिसच्या पायरीवर पाय कळलाच नाही, मी पडले. बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलं होतं, रक्तही कमी.

डॉक्टर चिडले. "साखर गेली म्हणजे काम संपलं असं नाही!" इंजेक्शनं सुरू झाली. पायांत जाणीव यायला बरेच महिने लागले. डाव्या अंगठ्याला ती अजून पुरती नाही.

त्याच सुमारास एका दुपारी भावजय एकटीच घोडेगावला आली. पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "वन्सं, ह्ये वाचा. घरात कुनाला दाखवलं न्हाई."

मी एकेक ओळ वाचून सांगितली. साखर थोडी वर होती.

"मला बी कापत्याल का?"

"नाही गं. तुला रोज चालावं लागेल, आणि हे पुन्हा तपासायचं."

तिने कागद घडी करून खाटेवर ठेवला. मग म्हणाली, "साखरपुड्याला तुमाला बोलवू नका, मीच म्हनले व्हते. खाता येत न्हाई, उगं जिवाला लागंल, असं वाटलं."

मी भाकरी टाकली. तिने दीड खाल्ली, मी चतकोर. चारच्या गाडीने ती गेली, कागद मात्र खाटेवरच विसरली. तो द्यायला मी रविवारी पेठला गेले, आणि मुद्दाम जेवायच्या वेळेला गेले.