अण्णांनी राखून ठेवलेली जागा

अण्णा गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी त्यांचा मेल आला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. गिरगावातल्या आमच्या घरी मी चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो. समोर वडिलांची आरामखुर्ची होती (तिच्यावर अजून कोणी बसत नाही). फोन टिणकला म्हणून पाहिलं, तर पडद्यावर त्यांचं संपूर्ण नाव, आडनावासकट. खाली मजकूर:

'प्रियजनहो, मी आता अत्यंत शांत आणि हिरव्यागार ठिकाणी आलो आहे. येथे गोंगाट नाही, धूळ नाही, गुडघेदुखी नाही. आपल्यासाठीही जागा राखून ठेवली आहे. जागा मर्यादित आहेत. विलंब करू नये. अधिक माहितीसाठी खाली टिचकी मारावी.'

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. गुडघे दुखायचे थांबले तर एकदाचे! दुसऱ्या क्षणी कप बशीत कलंडला.

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने वाचलं आणि भिंतीला टेकली.

"अहो, अण्णांना मेल करता येत होता?"

"त्यांना टीव्हीचा आवाज कमी करता येत नव्हता, सुलभा!"

मेलचा पत्ता खरं तर माझा. पण आमच्या घरात गॅस अण्णांच्या नावावर, वीज अण्णांच्या नावावर, रेशनकार्ड अण्णांच्या नावावर. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी संगणकाने जेव्हा 'नाव?' असं विचारलं, तेव्हा वडील हयात असताना स्वतःचं नाव घालणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी अण्णांचं घातलं. त्यांना विचारलंही होतं. "बिल येणार नाही ना?" एवढीच त्यांची शंका होती.

पुढे मी जगाला जी काही पत्रं पाठवली, ती सगळी त्यांच्या नावाने गेली. कुणाची तक्रार नव्हती. तेराव्याचं बोलावणंही मी याच पत्त्यावरून धाडलं. म्हणजे अण्णांच्या तेराव्याला अण्णांनीच बोलावलं, हे त्या दुःखात कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय सत्तर नातेवाइकांचे पत्ते मी एका रांगेत, सगळ्यांना दिसतील असे लिहिले होते. ते झाकायचे असतात म्हणे!

मी बंगळुरूला मुलीला फोन लावला. ती एका कंपनीत संगणकाचंच काम करते.

"बाबा, तुमचं खातं कोणी फोडलेलं नाही," ती म्हणाली. "पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं की नाही? तसंच. कुठल्यातरी प्लॉटवाल्याने तुमचा पत्ता लिहून जाहिरात पाठवली. कुणाच्यातरी फोनमधून ती यादी बाहेर गेली असणार."

"पण मराठी इतकं चांगलं कसं?"

"हल्ली यंत्रं लिहितात, बाबा."

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाला एकविसाव्या दिवशी दुसरं सुतक लागलं.

जाहिरात हजारो अनोळखी पत्त्यांवरही गेली होती, त्यामुळे तोवर मेलच्या पेटीत पूर आला होता. जे पत्ते अस्तित्वातच नव्हते, तिथून 'आपला संदेश पोहोचला नाही' अशी चारशेच्या वर पत्रं परत आली होती. मी न पाठवलेली पत्रं मलाच परत! अनोळखी लोकांची उत्तरंही होती. एकाने सातबारा मागितला होता. एका बाईंनी 'तिथे पाणी चोवीस तास आहे का?' असं विचारलं होतं.

इतक्यात करी रोडहून चुलतभाऊ प्रकाशचा फोन.

"विन्या, अण्णाकाकांचा मेल आला. मी उत्तर टाकलं रे."

"काय उत्तर टाकलंस?"

"रोड टच आहे का विचारलं. पाठवल्यावर आठवलं..." त्याचा आवाज खाली गेला. "अरे, मी खांदा दिलाय यार त्यांना!"

त्याला समजावतोय तोच दादरहून बेबीआत्याचा फोन आला. बेबीआत्या ही अण्णांची धाकटी बहीण, वय एक्क्याऐंशी. परळच्या शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. येत्या सोमवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं विनवण्या करून आम्ही तिला कसंबसं तयार केलं होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त घसा अण्णांनी कोरडा केला होता.

"विनू, मी डॉक्टरांना नको म्हणून कळवलंय," ती अगदी शांतपणे म्हणाली.

"अगं, का?"

"दादाने बोलावलंय. तिथे गुडघेदुखी नाही. मग चार दिवसांसाठी नवा गुडघा बसवून काय करू? आणि जागा मर्यादित आहेत."



"आत्या, ती जाहिरात आहे! कुठल्यातरी चोराने अण्णांचं नाव घातलंय."

"चोराने? विनू, मी तीनदा वाचला. एकही चूक नाही! 'अत्यंत' बरोबर. 'मर्यादित' मधला 'दि' ऱ्हस्व. 'टिचकी'ची 'टि' पण ऱ्हस्व. चोराला येईल हे? मला ऱ्हस्वदीर्घ दादाने शिकवलंय, पट्टी घेऊन. त्याचं अक्षर मी ओळखते."

"आत्या, छापील अक्षर आहे ते!"

"तू रडवेला झालायस. पाणी पी." तिने फोन ठेवला.

सोमवारला तीन दिवस उरले होते. रुग्णालयाने तिची खाट दुसऱ्याला दिली असती, तर पुन्हा तयार करायला या वेळी अण्णा नव्हते. आता हातपाय गाळून चालणार नव्हतं. सगळ्यांना खरं काय ते तातडीने कळवायला हवं, असं मी ठरवलं. घाईघाईत, न तपासता फोनवरच लिहिलं आणि सत्तरही जणांना पाठवून दिलं. मन हलकं झालं.

दोन मिनिटांत पुन्हा प्रकाशचा फोन.

"विन्या, घरी आहेस ना? जरा खुर्चीत बघ."

"कुठल्या खुर्चीत?"

"काकांच्या! त्यांचा दुसरा मेल आलाय. म्हणतात, 'माझ्या पत्त्यावरून आलेला मेल खोटा आहे. मी कुठेही गेलेलो नाही, घरीच आहे'!"

मी खुर्चीकडे पाहिलं. (हो, पाहिलं.) मग डोकं धरलं. खुलासाही त्याच पत्त्यावरून, म्हणजे अण्णांच्याच नावाने गेला होता!

पुढच्या तासाभरात घरातला फोन थांबला नाही. एका मावशीने 'मग दहावं कुणाचं केलंत?' असं विचारलं. सुलभाने दाराला कडी लावली, कारण डिलाईल रोडचे एक मेहुणे हार परत न्यायला की पेढे घेऊन कोण जाणे, पण निघाले होते हे नक्की. मी मात्र एकाच फोनच्या धास्तीत होतो. पहिल्या मेलने आत्याचा गुडघा घालवला होता. दुसऱ्याने हृदय गेलं तर?

फोन आला. मी उभा राहूनच घेतला.

"विनू," आत्याचा आवाज कडाडला, "हा दुसरा मेल दादाचा नाही!"

"नाही ना? तुला कसं कळलं?"

"पाच ओळींत तीन चुका! 'नातेवाइकांनो' मधली 'वा' पुढची 'इ' दीर्घ. 'कृपया'ला 'क्रु'. आणि 'दिलगिरी'तली 'गि' दीर्घ काढलीय मेल्याने! दादा मरून गेला तरी असं लिहिणार नाही."

"बरोबर आहे, आत्या."

"म्हणजे त्याच्या नावाने कोणीही उठून काहीही लिहू शकतं?"

"तेच तर सकाळपासून सांगतोय!"

पलीकडे चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे पहिलाही त्याचा नव्हता."

आपण एका बहिणीच्या हातून तिच्या भावाचं पत्र काढून घेतोय, असं वाटलं. तिने नाक शिंकरलं.

"ठीक आहे. डॉक्टरांना फोन करते. सोमवारी सकाळी सातला ये न्यायला. उशीर करू नकोस." आणि लगेच तिच्यातल्या बाई जाग्या झाल्या. "पण विनू, पहिला चोर निदान शिकलेला होता. हा दुसरा अडाणी कोण रे?"

खरं सांगायची ही वेळ होती. तीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली.

"कुणास ठाऊक, आत्या," मी म्हणालो. "पकडला पाहिजे."

ऑपरेशन छान झालं. आत्या आता काठीशिवाय चालते. पडल्या पडल्या तिने पोलिसांना द्यायला तक्रारअर्ज लिहिला असून, त्यात दुसऱ्या आरोपीचं वर्णन 'बेजबाबदार, अर्धवट आणि इयत्ता चौथीपलीकडे न शिकलेला' असं केलं आहे. तपासायला तो माझ्याकडे आला. मी दोनदा वाचला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही आढळलं नाही!