बटाट्यांवरचं लेबल

इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेल गावात सॉफ्टवेअर करणारी मराठी मुलं पोत्यानं मिळतील, पण गोमांसाची लेबलं करणारा एकच होता, परीक्षित देवपुजारी. नागपूरचा. केकमध्ये अंडं आहे का हे विचारून विचारून त्यानं इथल्या बेकरीवाल्यांना वात आणला होता. त्याची कंपनी सुपरमार्केटांसाठी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवायची. मांसाचा ट्रे काट्यावर ठेवला की वरून चिकटवायचं लेबल बाहेर येतं, ते. दोन हजार दोनच्या मे महिन्यात राजधानीत, वॉशिंग्टनला कायदा झाला की मांस कुठल्या देशाचं ते लेबलावर छापलंच पाहिजे. दोन वर्षांची मुदत होती. कंपनीनं परीक्षितला त्या कामावर बसवलं आणि त्याच कामाच्या नावानं त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला. ह्या कामाला योग्य माणूस अख्ख्या अमेरिकेत मिळाला नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. मी पोट धरून हसले होते.

मी शरयू. माझा नवरा मोरेश्वर बहात्तर साली इंजिनियर म्हणून इथे आला आणि मागून मी आले. आमची कार्डं इतकी चटकन झाली होती की त्यात काही दुःख असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ते कळलं परीक्षितच्या बायकोमुळे. शिवांगी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, दाराबाहेर बाकडी भरलेली असायची म्हणे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नाही. घरी बसायचं. कार्ड आलं की मग परीक्षा, मग लायसन, मग नोकरी. तोवर तिच्या हाताखाली पेशंट एकच, माझा उजवा गुडघा. मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची आणि तो असा काही दाबायची की मी मोरेश्वरला शिव्या घालायची. मी काही द्यायला गेले की हात मागे घ्यायची. "नको मावशी. पैसे घेतले तर ते काम होतं. इल्लीगल."

त्यांच्या घरात सगळं 'कार्ड आलं की' वर अडलेलं होतं. जेवायचं टेबल कार्ड आलं की. मूल कार्ड आलं की. टीव्हीचं खोकंसुद्धा कपाटात नीट घडी करून ठेवलेलं, न जाणो परत जावं लागलं तर भरायला. मला ते खोकं पाहिलं की संताप यायचा. दोन चांगली शिकलेली माणसं, आणि त्यांचं बस्तान एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर.

आता लेबलाचं सॉफ्टवेअर तपासायचं तर काट्यावर काहीतरी ठेवायला हवं. ऑफिसात रोज मांस कोण आणणार? म्हणून बटाटे आणत. बटाटे ट्रेमध्ये घालायचे, वर प्लॅस्टिक ताणायचं आणि लेबल मारायचं: बीफ, जन्म कॅनडा, वाढवलं अमेरिकेत, कापलं अमेरिकेत. काम झालं की ते बटाटे कचऱ्यात जात. परीक्षितच्या नागपुरी जिवाला ते बघवेना. तो घरी आणायचा, आणि शिवांगी त्यांची भाजी करायची.

पहिल्या वर्षी त्यांनी कार्डासाठी सत्यनारायण घातला. आमच्या मंडळाची कांचन चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडायला गेली आणि तशीच बाहेर आली. प्रसाद न घेता पर्स उचलून चालती झाली. दुसऱ्या दिवशी निम्म्या बॉथेलला कळलं होतं की देवपुजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये गाईच्या मांसाचे थर लागलेत, आणि त्याच घरात पूजा. लेबलाखाली खरंच काय आहे हे वाकून बघायची बुद्धी नाही, पण जीभ हातभर. मी शिवांगीकडचा एक ट्रे उचलला, गाडी काढली आणि कांचनच्या ओट्यावर तो फाडून दाखवला. पाच बटाटे बाहेर पडले. कांचन म्हणाली, "अहो पण लेबल तर तसं होतं ना!" तेही खरं. लेबल तसंच होतं.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात आमच्याच राज्यात, डोंगरापलीकडे, मॅड काऊचा रोग झालेली गाय सापडली. ती मूळची कॅनडातली निघाली. बाकी लोक घाबरले, परीक्षित मात्र माझ्याकडे धावत आला. "मावशी, आता कायदा कोणी रोखू शकत नाही! पब्लिकला कळायलाच पाहिजे ना यार, गाय कुठली ते!" महिन्याभरात वॉशिंग्टनमधून बातमी आली. कायदा दोन वर्षं पुढे ढकलला.

तेव्हा मला पहिल्यांदा त्या भांडणाची गंमत कळली. इथल्या गाई पाळणाऱ्यांना लेबल हवं होतं, म्हणजे त्यांच्या गाईला भाव येईल. मांसाच्या मोठ्या कंपन्यांना नको होतं, कारण त्यांच्याकडे तीन देशांच्या गाई एकाच दारातून आत जात आणि कोण कुठली हे सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. दोघंही काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, आपापल्या माणसांना धरून होते. परीक्षितला कोणाला धरता येत नव्हतं. त्याला मत नव्हतं. तो जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा ह्या कायद्याची जास्त वाट बघत होता आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा त्याला हक्क नव्हता.

"मावशी, तुम्ही सिटिझन आहात," तो एकदा चाचरत म्हणाला. "सेनेटरच्या ऑफिसला एक फोन कराल?"

केला. मासळीबाजारातून जाताना जन्मभर नाकाला पदर लावलेली मी त्या ऑफिसातल्या पोराला सांगितलं की मी काय खाते ते मला कळलं पाहिजे. पोरगा चांगल्या वळणाचा होता. त्यानं विचारलं, आपण कुठलं मीट घेता, मॅम? माझी पंचाईत झाली. आपल्याकडे मांस खाणारे म्हणजे बोकड खाणारे, एवढंच मला माहीत. म्हटलं, गोट. तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅम, गोट कायद्यात नाही. बीफ, पोर्क, लॅम्ब आहे." मी म्हटलं, "मग घाला." ठेवून दिला फोन.

पुढल्या वर्षी माशांचा नंबर लागला. माशांवर देशाचं नाव यायला लागलं, आणि गाई पुन्हा मागे, थेट दोन हजार आठपर्यंत. म्हणजे कायद्याच्या रांगेतसुद्धा मासे पुढे गेले. परीक्षितनं ही बातमी हसत हसत सांगितली, पण त्याच्या हातातला चहा पूर्ण गार झाला होता. दुसरीकडे बदली मागायची सोय नव्हती. कामाचं नाव बदललं की अर्ज नव्यानं, रांगेत पुन्हा शेवटून उभं राहायचं. बरोबरची पोरं मॅनेजर झाली. ह्याला बढती देऊ केली ती त्यानं नाकारली. बढतीला घाबरणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

त्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी शिवांगी माझा गुडघा दाबता दाबता मधेच थांबली.

"मावशी, एक विचारू? कायदा आलाच नाही तर परीक्षितच्या कामाला अर्थ नाही. आणि आला, लेबल तयार झालं, की काम संपलं. मग ह्याची गरज काय कंपनीला? म्हणजे कायदा यायच्या आत कार्ड यायला पाहिजे, पण कायदा तर यायलाच पाहिजे." ती खाली बघत होती. "मी देवाजवळ नेमकं मागू काय?"

मला बोलता येतं अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी म्हटलं, "दाब तू. जरा वरच्या बाजूला." तिनं दाबलं. नेहमीपेक्षा जोरात.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नवा कायदा झाला आणि सप्टेंबरअखेरची तारीख पक्की झाली. यादीत नवी जनावरं घातली होती. त्यात बोकडही होता. सहा वर्षांत सरकारनं कोणाचं ऐकलं असेल तर माझं. परीक्षितनं पूर्ण उन्हाळा ऑफिसात काढला. फ्रिजमध्ये बटाटे इतके साचले की शिवांगी मला पिशवी भरून पाठवायची, गाय, डुक्कर, मेंढी अशी वेगवेगळी. लेबल चोख झालं. कंपनीत केक कापला, अंड्याचा होता, ह्यानं फक्त टाळ्या वाजवल्या.

कार्ड रांगेतच होतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजार कोसळला. बँका पत्त्यांसारख्या पडायला लागल्या आणि सगळ्या कंपन्या माणसं मोजायला लागल्या. लेबल तर तयार होतं. ऑक्टोबरात परीक्षितला बोलावून सांगितलं की त्याचं काम उत्कृष्ट झालं आहे आणि आता ते उरलेलं नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला. अर्ज कंपनीचा होता, तो कंपनीनं मागे घेतला. दुसरी नोकरी त्या बाजारात कोण देणार? मला त्या कंपनीचा, त्या कायद्याचा, त्या सगळ्या गाईंचा इतका राग आला की मोरेश्वरनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी परीक्षितला भाजी घ्यायला मी गाडीतून नेलं. भाजी राहिली बाजूला, तो पहिल्यांदाच आपण होऊन मांसाच्या फ्रिजसमोर गेला. सहा वर्षं ज्यावर काम केलं ते त्यानं हातात कधी धरलं नव्हतं. आज धरलं. लाल मांसाचा ट्रे, वर ताणलेलं प्लॅस्टिक, आणि लेबल. त्यावर देश होता का? होता. तीन होते. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको.

"हे काय रे? गाय एक आणि देश तीन?"

"अलाउड आहे, मावशी. मिक्स असेल तर तिन्ही टाका म्हणतात. कंपन्या सगळ्यावर तेच टाकतायत. वेगळं ठेवायची कटकट नको ना." त्यानं ट्रे परत ठेवला, लेबल समोर येईल असा नीट सरळ केला आणि हात पँटला पुसले. "आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ऑप्शन होते. एकेक देशाचे पण."

शिवांगीनं जाताना मला गुडघ्याचे व्यायाम करून दाखवले, एकटीला करता येतील असे. टीव्ही त्याच्या खोक्यात अगदी बरोबर बसला.

नंतर मी त्या दुकानात गेले तेव्हा माझ्यापुढे एक गोरी बाई होती. तिनं ट्रे उचलला, किंमत बघितली, तारीख बघितली आणि दुकानाच्या ढकलगाडीत टाकला. मला राहवलं नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, ते छोटं अक्षर वाचा जरा. आमच्या एका मुलाची सहा वर्षं गेलीत त्यात.

बाई भली होती. तिनं ट्रे पुन्हा काढला, चष्मा लावला आणि मनापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे तीन देश लिहिलेत. त्याचा कुठला?"

मी म्हटलं, ह्यातला एकही नाही.